काउंटरवर जे सांगता ते कागदावर लिहून द्या

प्रति,
ग्राहकसेवा प्रमुख,
मी वापरत असलेल्या लॅपटॉपची कंपनी, भारतातील मुख्य कार्यालय

महोदय,

मी बार्शीत राहते. कोर्टाच्या मागच्या बाजूला एका छोट्या गाळ्यात माझं टायपिंग आणि डीटीपीचं काम चालतं. वकिलांचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिकांचा मजकूर, एम.ए.च्या मुलांचे प्रबंध आणि जून आला की प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म. हे सगळं एका लॅपटॉपवर होतं आणि तो लॅपटॉप तुमच्या कंपनीचा आहे. कंपनीचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. नाव घेतलं की चर्चा नावाभोवतीच फिरते आणि मला चर्चा काउंटरवर काय घडतं याची हवी आहे. माझा केस नंबर आणि बिलाची प्रत मी तुमच्या कार्यालयाला वेगळी पाठवली आहे. तुम्हाला हे पत्र कोणाचं ते कळेल.

हे पत्र उघडपणे लिहिण्याआधी फुगलेल्या बॅटरीसाठी मी तीन वेळा तुमच्या सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरवर येऊन गेले, हेल्पलाइनला फोन केले आणि १२ जुलैला सविस्तर ईमेलही केला. त्याला दोन ओळींचं उत्तर आलं, की आपली केस समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. माझं समाधान झालं का, हे मला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून आता सगळ्यांसमोर सांगते.

लॅपटॉप मी १४ जून २०२४ रोजी सोलापुरातल्या दुकानातून ४६,५०० रुपयांना घेतला, हप्त्यांवर. दुकानदाराने तीन वर्षांची वॉरंटी सांगितली आणि खोक्यावरच्या स्टिकरवरही तेच मोठ्या अक्षरात होतं. बॅटरीला मात्र एकच वर्ष, हे आतल्या घडीच्या कागदावर होतं, इंग्रजीत, बारीक टायपात. मी रोज टाइप बसवते. तो मजकूर सहा पॉइंटपेक्षा मोठा नाही, हे मी नजरेनेच सांगू शकते. माझ्या गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेत मी सहा पॉइंटात साधा पत्ताही घेत नाही, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो वाचता येत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये त्रास सुरू झाला. बॅटरी साठ टक्के दाखवत असायची आणि वीज गेली की मशीन तिथल्या तिथे बंद. मग टचपॅडचं बटण दाबलं जाईना. आणि एके दिवशी लक्षात आलं, की लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही. एका कोपऱ्यावर हात ठेवला की दुसरा कोपरा उचलला जायचा, डुगडुगायचा. मला वाटलं रबराचा पाय निघाला असेल. उलटा करून पाहिलं तर चारही पाय जागेवर होते आणि मधला भाग वर आला होता.

आमच्या गल्लीत मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करणारे एक दादा आहेत. त्यांनी हात लावायलाच नकार दिला. म्हणाले, "ताई, सील तुटलं तर कंपनी तुमचं काही ऐकणार नाही. पण हे फुगलंय. चार्जिंग बंद करा आणि गादी-पांघरुणाजवळ ठेवू नका." त्यांनीच मला समजावलं, की आत ॲल्युमिनियमच्या पातळ वेष्टनातले तीन सेल असतात, त्यातलं द्रव रसायन बिघडून वायू धरतो, वेष्टन बंद असल्यामुळे त्या वायूला बाहेर पडायला वाट नसते आणि सेल उशीसारखा फुगतो. दोन थरांच्या मधे केसापेक्षा पातळ पडदा असतो. तो फाटला तर आतल्या आत शॉर्ट होतं, उष्णता वाढत जाते आणि ती वाढायला लागली की बाहेरून थांबवता येत नाही. आमच्या गाळ्यात चारी भिंतींना कागदाचे गठ्ठे लावलेले आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

विंडोजमध्येच पॉवरसीएफजी नावाची एक कमांड आहे. तिच्यापुढे बॅटरीरिपोर्ट असं लिहिलं की बॅटरीची सगळी कुंडली समोर येते. माझ्या बॅटरीची मूळ क्षमता ४१,०४० मिलिवॉट-अवर होती, त्या दिवशी ती १७,९०० वर आली होती. म्हणजे अकरा महिन्यांत निम्म्याच्याही खाली. आतापर्यंत २१२ वेळा चार्ज झाल्याची नोंद होती. एवढ्या वापरात चांगली बॅटरी इतकी खाली येत नाही आणि फुगत तर मुळीच नाही. हा कागद मी छापून सोबत घेतला आणि ५ मेला सोलापूरची एसटी धरली. वैराग मार्गे सत्तर किलोमीटर, दोन तास.

काउंटरवर टोकन मिळालं, ४१ नंबरचं. तासाभराने माझा नंबर आला. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उलटा केला, बोटाने दाबून पाहिला आणि तोच म्हणाला, "हो मॅडम, सेल फुगलाय. बॅटरी मागवावी लागेल. दहा-पंधरा दिवस लागतील." मी जॉबशीट, म्हणजे तक्रारीची लेखी नोंद, मागितली. तो म्हणाला, मशीन जमा केलं तरच सिस्टिममध्ये जॉबशीट निघते. आणि पार्ट आल्याशिवाय जमा करू नका, इथे नुसतं पडून राहील, तोवर चार्जरवर लावून वापरा. छापलेला बॅटरी रिपोर्ट त्याने परत केला. तो घ्यायची सोय नव्हती.

मला तेव्हा तो सल्ला माझ्याच भल्याचा वाटला. लॅपटॉप पंधरा दिवस जमा करायचा म्हणजे पंधरा दिवस गाळ्याचं शटर खाली. म्हणून मी परत आले. माझ्या हातात त्या दिवसाचा पुरावा म्हणून एक टोकन होतं, थर्मल कागदाचं. महिन्याभरात त्यावरची अक्षरं उडून गेली. आज तो नुसता पांढरा तुकडा आहे. मी तो अजून जपून ठेवला आहे.

पुढचा दीड महिना माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात मोठ्या कामाचा असतो. १३ मेला दहावीचा निकाल लागला. यंदा पहिल्यांदाच अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले, त्यामुळे एरवी थेट कॉलेजात जाऊन फॉर्म भरणारी आसपासच्या खेड्यांतली पोरं आमच्यासारख्यांच्या दारात आली. त्यात मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि वीज दिवसातून चार-पाच वेळा जायची. वीज गेली की माझी स्क्रीन काळी. एका मुलीच्या फॉर्ममध्ये दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरून झाले होते. सेव्ह करायच्या आत मशीन बंद पडलं. तिचे वडील मजुरी बुडवून आले होते. वीज परत येईपर्यंत संध्याकाळ झाली आणि त्यांच्या गावची शेवटची गाडी निघून गेली. मी त्या दोघांना आमच्या घरी जेवायला घातलं, रात्री उशिरा फॉर्म पुन्हा भरला आणि पैसे घेतले नाहीत. हे तुमच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

दादांनी चार्जिंग बंद करा म्हणून सांगितलं होतं आणि तुमच्या काउंटरने चार्जरवर लावून वापरा म्हणून. मी कोणाचं ऐकलं? काम करायचं होतं, म्हणून तुमचं ऐकलं. रोज संध्याकाळी लॅपटॉप गाळ्यातून काढून घरी आणायचा आणि मागच्या अंगणात फरशीवर ठेवायचा, एवढीच काळजी मी घेऊ शकत होते. घरी सासूबाई आहेत, त्यांना उठून पटकन बाहेर पडता येत नाही.

मधल्या काळात हेल्पलाइनला चार वेळा फोन केला. दोनदा मला ड्रायव्हर अपडेट करायला सांगितलं, एकदा बायोस अपडेट करायला. बॅटरी फुगली आहे, हे मी प्रत्येक वेळी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. चौथ्या वेळी मी विचारलं, मी कुरिअरने पुण्याला पाठवू का? होकार मिळाला. बार्शीतल्या कुरिअरवाल्याने पार्सल उघडायला सांगितलं, फुगलेला तळ पाहिला आणि परत दिलं. तो चुकला असं मी म्हणणार नाही. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला आंतरराष्ट्रीय नियमांनी बंदी आहे, हे मी नंतर वाचलं. रस्त्यानेही अशी वस्तू चार पार्सलांत टाकायला कोण तयार होईल? पण हेल्पलाइनवर बसलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं.

२० जूनला पार्ट आल्याचा फोन आला. मी पुन्हा सोलापूर गाठलं. या वेळी दुसरा मुलगा होता. त्याने सिरीयल नंबर टाकला आणि सांगितलं, बॅटरीची वॉरंटी १३ जूनला संपली आहे. मी म्हटलं, मी ५ मेला येऊन गेले. तो म्हणाला, सिस्टिममध्ये काही दिसत नाही. मी टोकन दाखवलं. त्याने ते दिव्याखाली धरून पाहिलं आणि परत दिलं.

मग त्याने तळाच्या कव्हरला गेलेला तडा दाखवला. स्क्रूजवळ, साधारण दोन बोटं लांब. म्हणाला, "हा फिजिकल डॅमेज आहे मॅडम. सीआयडी. वॉरंटी असती तरी बसलं नसतं." सीआयडी म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान, हे मला तिथे बसलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. ५ मेला तो तडा नव्हता. बॅटरी फुगत गेली, तिने कव्हर आतून ढकललं आणि प्लास्टिक स्क्रूपाशी फाटलं. बाहेरून आपटलेल्या वस्तूला ओरखडा असतो, कोपरा चेपतो. इथे तडा आतून बाहेर उमललेला होता आणि तो शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकालाही दिसत होता. तुमच्या बॅटरीने फोडलेलं कव्हर माझ्या नावावर लिहिलं गेलं. मी विचारलं, हे लिहून द्याल का, की बॅटरी फुगल्यामुळे तडा गेलेला नाही? लिहून देता येत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

शेवटी मी पैसे भरले. बॅटरीचे ५,८००, मजुरीचे ८५०, जीएसटी १,१९७, एकूण ७,८४७ रुपये. आलेली बॅटरी मधल्या काळात दुसऱ्या मशीनला बसवली गेली होती, त्यामुळे आणखी एकोणीस दिवस गेले. कव्हरचे ४,२०० वेगळे सांगितले होते, ते मी दिले नाहीत. ९ जुलैला नवी बॅटरी बसली. मशीन हातात मिळण्याआधी मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला गेला आणि मी तो दिला. त्या ओटीपीनेच तुमच्याकडे केस समाधानाने बंद झाली, हे मला तुमच्या ईमेलवरून कळलं. ओटीपी कशासाठी, हे काउंटरवर सांगितलं गेलं नव्हतं. फीडबॅकचा फोन आला तर दहापैकी दहा द्या, ही विनंती मात्र दोनदा झाली.

आणि मग त्या मुलाने जुनी, टम्म फुगलेली बॅटरी एका कॅरीबॅगमध्ये घालून माझ्यासमोर ठेवली. "पैसे तुम्ही भरलेत ना मॅडम, जुना पार्ट तुमचा." मी म्हटलं, मला नको, तुम्ही ठेवून घ्या. ठेवायला परवानगी नाही, असं उत्तर आलं.

महोदय, त्या दिवसाचं चित्र तुम्ही डोळ्यांसमोर आणावं असं मला वाटतं. आषाढी होऊन तीन दिवस झाले होते, सोलापूर स्टँडवर उभं राहायला जागा नव्हती. माझ्या शेजारी वारीहून परतणाऱ्या दोन आज्या बसल्या होत्या, पायाशी त्यांची गाठोडी. वर सामानाच्या फळीवर कोणाची तुळस होती. आणि माझ्या मांडीवर ती पिशवी. खाली ठेवावी तर कोणाचा पाय पडेल, वर ठेवावी तर कोणाची बॅग आदळेल. खिडकीबाहेर धरून बसले असते तर लोकांनी विचारलं असतं. दोन तास मी ती दोन्ही तळहातांवर धरून बसले. गाडीत पन्नासहून जास्त माणसं होती. तुमच्या माणसांना जी वस्तू स्वतःच्या काउंटरमागे ठेवायला नको होती, ती त्यांनी त्या पन्नास माणसांमध्ये पाठवली.

या सगळ्यातल्या पैशांपेक्षा मला ही गोष्ट जास्त लागली आहे.

आता माझ्या तक्रारी नेमक्या मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार कागदाची आहे. पहिल्या भेटीची नोंद झाली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. ५ मेला वॉरंटी शिल्लक होती. दोष तुमच्याच माणसाने पाहिला आणि तोंडाने मान्य केला. तो एका ओळीत लिहिला गेला असता, तर १३ जूनची तारीख मला दाखवता आली नसती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये विकलेल्या मालाचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल अथवा पावती न देणं हे अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत आहे. मी वकिलांसाठी ग्राहक तक्रारी टाइप करते, ते कलम माझ्या हाताखालून अनेकदा गेलं आहे. तपासणी ही सेवाच आहे. मशीन जमा केलं नाही म्हणून तपासणी झालीच नाही, असं होत नाही. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला, करमाळा, इतक्या लांबून माणसं तुमच्या त्या एका काउंटरवर येतात. त्यांतली किती जण तोंडी उत्तर घेऊन परत गेली असतील, याचा हिशेब तुमच्याकडे असूच शकत नाही, कारण तो लिहिलाच जात नाही.

दुसरी तक्रार अशी, की फुगलेली बॅटरी आणि झिजलेली बॅटरी यांत तुमच्याकडे काही फरकच केला जात नाही. वापराने बॅटरीचा दम कमी होतो हे मला मान्य आहे. चपलेचा तळ झिजतो तसंच ते. त्यासाठी एक वर्षाची मर्यादा घातलीत, ठीक. पण फुगणं हा धोका आहे आणि धोक्याला वॉरंटीची तारीख लावता येत नाही. जगातल्या मोठ्या कंपन्यांनी हे आधी मान्य केलेलं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. जून २०१९ मध्ये ॲपलने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेल्या काही १५ इंची मॅकबुक प्रोच्या बॅटऱ्या फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. त्यातले बहुतेक लॅपटॉप एक वर्षाच्या वॉरंटीच्या कधीच बाहेर गेलेले होते. त्याच वर्षी आपल्याकडे डीजीसीएनेही, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ते लॅपटॉप बॅटरी बदलेपर्यंत विमानात नेऊ नयेत असं प्रवाशांना सांगितलं. तुमच्या मॉडेलमध्ये तसाच सरसकट दोष आहे, असा माझा दावा नाही. माझ्या एका मशीनवरून तो करता येणार नाही. पण फुगलेल्या बॅटऱ्यांची वेगळी मोजदादच होत नसेल, तर तसा दोष असला तरी तुम्हाला तरी कसा कळणार?

तिसरी, चार्जरवर लावून वापरा हा सल्ला. फुगलेला सेल चार्ज करू नये, ही बॅटरीच्या बाबतीतली पहिली शिकवण आहे. आमच्या गल्लीतल्या, कुठलाही बिल्ला न लावलेल्या दुरुस्तीवाल्याला ती माहीत आहे. तुमचा बिल्ला लावलेल्या मुलाला कोणी शिकवलेली नाही.

चौथी, सीआयडीचा शिक्का. त्याबद्दल वर लिहिलंच आहे. शिक्का मारायचा असेल तर फोटो काढा, कारण लिहा आणि ग्राहकाची सही किंवा हरकत घ्या.

जुन्या बॅटरीचं काय करायचं, हा प्रश्नही तुमचाच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम काढले. त्यांत वापरून संपलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. माझ्या जुन्या बॅटरीवर कचऱ्याच्या डब्यावर फुली मारलेलं चिन्ह छापलेलं आहे. म्हणजे ती घंटागाडीत टाकायची नाही, हे तुम्हीच मला सांगता. मग टाकायची कुठे? तुमचं काउंटर घेत नाही, कुरिअर घेत नाही आणि भंगारवाल्याला दिली तर तो तांब्या-ॲल्युमिनियमसाठी ती हातोडीने फोडेल. ते पाप मला करायचं नाही.

किमतीबद्दल थोडक्यात. त्याच रस्त्यावर सोलापुरात कुठल्याही खुणेशिवायची, जुळती बॅटरी १,८०० रुपयांना मिळत होती. मी ती घेतली नाही, कारण आपल्या देशात लिथियम बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे आणि तो नंबर त्या बॅटरीवर नव्हता. पण ज्याचं पोट लॅपटॉपवर आहे आणि ज्याला तुम्ही दोन महिने पार्ट पेंडिंग सांगता, तो माणूस तीच घेणार. उद्या ती पेटली तर दोष त्याला दिला जाईल.

माझा पहिला लॅपटॉप जुना घेतलेला होता. त्याची बॅटरी खालचे दोन खटके सरकवले की हातात यायची. आता तिच्यापर्यंत पोहोचायला दहा स्क्रू, तळाचं कव्हर आणि नाजूक कनेक्टर पार करावे लागतात आणि ते सगळं उघडलं की वॉरंटी गेली असं आम्हाला सांगितलं जातं. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता येतील अशा द्याव्या लागणार आहेत. तिथे विकण्यासाठी तुम्ही तसा लॅपटॉप बनवालच. तोच आम्हालाही विका.

काउंटरवरच्या दोन मुलांबद्दल मला एक सांगायचं आहे. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही आणि माझ्या पत्रामुळे त्यांच्यातल्या कोणाची नोकरी गेली तर मला फार वाईट वाटेल. तिसऱ्या भेटीत मला तिथे पावणेतीन तास बसावं लागलं. तेवढ्या वेळात त्या मुलाने जागेवरून उठून पाणी प्यायलेलं मी पाहिलं नाही. तो तुमच्या पगारपत्रकावर नाही, सेंटर चालवणाऱ्या ठेकेदाराच्या पगारपत्रकावर आहे. केस किती दिवसांत बंद झाली आणि दहापैकी किती गुण मिळाले, यावर त्याचा महिना ठरतो, असं त्यानेच मला हळू आवाजात सांगितलं. केस उघडलीच नाही तर ती रखडलेली दिसत नाही. म्हणून पार्ट येईपर्यंत जॉबशीट काढायची नाही, ही रीत तिथे पडली आहे. ती त्या मुलाने पाडलेली नाही. ज्यांनी गुणांची पद्धत ठरवली, त्यांनी ती पाडली आहे, आणि ते तुमच्या कार्यालयात बसतात.

माझ्या मागण्या अशा आहेत.

ग्राहक मशीन घेऊन काउंटरवर आला की त्याच क्षणी, मशीन जमा होवो न होवो, तारीख, सिरीयल नंबर आणि दिसलेला दोष लिहिलेला कागद त्याला मिळावा. तो मराठीत असावा आणि साध्या कागदावर असावा, ज्याची अक्षरं उडणार नाहीत.

वॉरंटीचा हिशेब पहिल्या तक्रारीच्या तारखेपासून व्हावा. पार्ट येण्याच्या तारखेपासून नव्हे.

बॅटरी फुगलेली असेल तर वॉरंटी असो वा नसो, ती बदलून मिळावी आणि तिच्यामुळे कव्हर, टचपॅड किंवा कीबोर्डचं झालेलं नुकसान सीआयडीत धरू नये. फुगलेली बॅटरी घेऊन कोणी आलं तर ती त्याच दिवशी मशीनमधून काढून ठेवली जावी आणि बॅटरीशिवाय, नुसत्या चार्जरवर मशीन चालत असेल तर तसं चालवून परत द्यावं. हे पंधरा मिनिटांचं काम आहे.

प्रत्येक सर्व्हिस सेंटरवर जुन्या बॅटऱ्या ठेवण्यासाठी वाळू भरलेला पत्र्याचा डबा असावा आणि जुनी बॅटरी ग्राहकाच्या हातात परत देणं आजपासून बंद व्हावं.

ओटीपी मागताना तो कशासाठी आहे ते आधी सांगावं. ग्राहकाला केस बंद करायची नसेल तर तसं नोंदवण्याची जागा असावी.

आणि माझ्यापुरतं म्हणाल तर ७,८४७ रुपये परत मिळावेत, तळाचं कव्हर बदलून मिळावं आणि ५ मेच्या भेटीची नोंद माझ्या केसमध्ये व्हावी. तुमच्या सेंटरमध्ये दारावर कॅमेरा आहे, टोकनच्या यंत्रातही नोंद असणार. ५ मेचं ४१ नंबरचं टोकन कोणाचं होतं, हे शोधायला तुम्हाला एक दिवस पुरेल.

यासाठी मी १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाट पाहीन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरवर, माझी तक्रार नोंदवून झाली आहे. त्या तारखेपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने मी जिथे राहते तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तक्रार मी स्वतः टाइप करून ठेवली आहे, चौदा पॉइंटात. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी ज्यांना अशीच तक्रार करायची आहे, त्यांनी माझ्या गाळ्यावर यावं. अर्जाचा मसुदा मी टाइप करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. येताना काउंटरवर मिळालेला प्रत्येक कागद आणा, आणि टोकन मिळालं असेल तर त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

माझी जुनी बॅटरी मागच्या अंगणात, भिंतीपासून लांब, वाळू घातलेल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. वर पाऊस लागू नये म्हणून घमेलं पालथं घातलं आहे. सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला जाताना त्या डब्याला वळसा घालून जातात. ती न्यायला तुम्ही कोणाला आणि कधी पाठवताय, ते कळवा. मी रविवार सोडून रोज सकाळी दहा ते रात्री आठ गाळ्यावर असते.

आपल्या कंपनीची ग्राहक,
बार्शी, जि. सोलापूर
१८ ऑगस्ट २०२५